आसू म्हणजे अश्रू नव्हेत

अव्वा (म्हणजे आजी), नमस्कार.

पत्र मराठीत आहे म्हणून हसू नका. तेलुगू मला बोलता येतं, लिहिता येत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली, पोरं अशीच: घरात तेलुगू, शाळेत मराठी. तुम्हाला हे फोनवर वाचून दाखवीनच. इथे उघड लिहितेय ते आमच्या गल्लीतल्यांनी वाचावं म्हणून.

चेन्नईला नोकरी लागल्यावर रविवारी जवळच्या मुट्टुकाडूच्या दक्षिणचित्र संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जायला लागले, ते खरं तर खोलीवर जीव रमत नव्हता म्हणून. दक्षिणेतली जुनी घरं तिथे पुन्हा उभी केलीत. शाळेच्या पोरांना त्यांतून फिरवायचं, खांबांवर चढू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. इकत कापड विणणाऱ्याच्या घरापाशी तुम्ही बसला होतात तेव्हाही मी पोरांना "चला, चला" करत होते.

तुमच्यासमोर खुंट्यांची अर्धगोल चौकट. हात सूत घेऊन एका टोकाच्या खुंटीपासून समोरच्या खुंट्यांकडे जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. हे काय, विचारलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आसु."

आमची अव्वा तेलंगणातल्या नलगोंड्याकडची. लग्न होऊन सोलापुरात आली. आजोबा यंत्रमागावर, ती विड्या वळायची. तिचा उजवा खांदा वर जात नसे. का, विचारलं की म्हणायची, "आसूनं गेला." आम्ही मराठी शाळेतली नातवंडं! रडून कुठे खांदा जातो, म्हणून तिला चिडवायचो. ती गप्प बसून पानं कातरत राहायची.

तुम्ही समजावून सांगितलंत. इकतचं सूत विणण्याआधी बांधून रंगवायचं, आणि बांधण्याआधी असं खुंट्यांवर घ्यायचं. एका साडीला हाताच्या सुमारे ९,००० फेऱ्या. हे काम घरातल्या बायकांचं. विणकर घरातल्या चिंतकिंदी मल्लेशम यांनी आईचे हाल बघून आसूचं यंत्र बनवलं. त्यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली. आमच्या अव्वाच्या वेळी कुठलं यंत्र!

मग मला बसवलंत. पन्नासेक फेऱ्यांत खांदा भरून आला, सूत तुटलं, आणि तुम्ही जे रागावलात! घरच्या पोरीवरच असं रागावतात. आभार मानायचे ते त्या रागाचे. एरवी पाहुणी म्हणून कौतुक करून सोडून दिलं असतंत.

त्या रात्री आत्याला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "माळ्यावर होती गं तसली चौकट. खुंट्याखुंट्यांची. कुणाला ठाऊक कशाची ते. एका पावसाळ्यात सरपण ओलं होतं, तेव्हा बंबात घातली."

पुढच्या खेपेला याल तेव्हा कळवा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणते. आसू पुन्हा शिकवा, रागावूनच.

तुमची,
सोलापूरची पोर