उठून गेलो ते शेवटच्या गाडीसाठी

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. कालच्या पुरवणीत नागपूरच्या त्या दोघांच्या, चेहरा झाकून आणि एकमेकांना हात लावत केलेल्या नाचावर तुमच्या प्रतिनिधीनं जे लिहिलं ते वाचलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे पत्र. "ग्रामीण भागातून आलेल्या प्रेक्षकांना प्रयोग झेपला नाही, काही जण मध्येच उठून गेले" असं छापलंय. साहेब, ते काही जण म्हणजे आम्ही. लाखांदूर तालुक्यातले, दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काम करणारे चार-पाच जण आणि त्यांचे कपडे शिवणारा मी. आम्ही उठलो कारण शेवटची एसटी होती. संध्याकाळी वेळेवर सुरू होणारा कार्यक्रम दीपप्रज्वलन, सत्कार, शाली, नारळ आणि भाषणं यातच तासभर लांबला, आणि उमरेड, भिवापूर, पवनी करत घरी पोचायचं तर ती गाडी सुटून चालत नाही, सुटली की रात्र स्टँडवर. तुमच्या माणसानं दारात एकाला जरी विचारलं असतं, का हो, काहून चालले, तर सांगितलं असतं. त्यानं पाठ पाहिली आणि लिहून टाकलं.

आणि झेपलं नाही म्हणजे काय? भाऊबीज झाली, मंडई म्हणजे गावची जत्रा लागली की आमच्याकडं नाटक रात्री दहा-अकराला उभं राहते ते पहाटेपर्यंत चालते, धान कापून आलेला माणूस कानाला मफलर बांधून, बायापोरं चादरी पांघरून शेवटचा पडदा पडेपर्यंत बसून राहतात. वडसा त्याच नाटकांमुळं महाराष्ट्रात माहीत झालं, २०२३ साली नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीच्या कामासाठी. असा प्रेक्षक तासाभराच्या नाचाला कंटाळून उठला असं लिहिताना जरा थांबायला पाहिजे होतं.

चेहरा झाकलेला नाच म्हणजे आम्हाला काही अघटित आहे असंही कोणी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-जिवतीकडं दिवाळीत गोंडांच्या नाचाची दंडारी निघते, ती आमच्या नाटकाच्या दंडारीहून वेगळी, तेव्हा त्यातला नाचणारा घुसाडी पाहा, अंगाला राख फासलेली, डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, त्या दिवसांत अंघोळ नाही, आणि तो कोणाच्या घरचा पोरगा आहे हे माहीत असूनही लोक त्याच्यासमोर वाकतात. आणि "स्पर्शावर बेतलेला असा प्रयोग आपल्याकडं पहिल्यांदाच" हे तर साफ चूक. माझी भाची नागपूरला शिकते, तिच्यामुळंच आम्ही गेलो होतो, तिनं काल फोनवर सांगितलं की एकाचं वजन दुसऱ्यानं अंगावर घेत नाचायची पद्धत अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टननं १९७२ मध्ये सुरू केली, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत बसून मार्था ग्रॅहम १९३० मध्येच नाचली होती, आणि आपल्या चंद्रलेखांनी २००१ मध्ये फक्त एक बाई आणि एक पुरुष घेऊन शरीरावरच अख्खा नाच बसवला होता. एवढं तर लिहिणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

आता कपड्याबद्दल, कारण तो माझा विषय आहे. तुमच्या बातमीत त्याला "पोतं" म्हटलंय. मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो. डोक्यापासून पोटरीपर्यंत राखाडी कापड, चेहरा पूर्ण झाकलेला, पंजे आणि पावलं तेवढी उघडी, बाई कोणती आणि पुरुष कोणता ते शेवटपर्यंत, म्हणजे आम्ही होतो तोपर्यंत, कळू दिलं नाही. कापड चारी बाजूंनी ताणणारं, लायक्रावालं. असं कापड साध्या मशीनवर सरळ टाक्यानं शिवलं तर पहिल्याच हिसक्याला दोरा तुटते, त्याला ओव्हरलॉक नाहीतर झिगझॅग लागते आणि सुई गोल टोकाची, नाहीतर भोकं पडतात. काखेत वेगळी कळी टाकली होती म्हणून हात डोक्यावर गेला तरी खालचा घेर वर सरकत नव्हता. एक वेळ अशी आली की दोघं एकाच झग्यात शिरले आणि दोन दिशांना ओढू लागले, मी तर शिलाईकडंच पाहून राहिलो होतो, आता उसवते, मग उसवते, आणि एक टाका हलला नाही. ज्यानं कोणी ते शिवलं त्याच्या हातात कला आहे. पानभर मजकुरात पाहुण्यांची नावं आहेत, लाइटवाल्याचं नाव आहे, शिवणाऱ्याचं नाही. नाचणाऱ्यांचीसुद्धा फोटोखाली नावं नाहीत, "कलावंत" एवढंच. स्टेजवर त्यांनी नाव-गाव झाकलं तो त्यांचा विचार होता, पेपरनं झाकायचं काय कारण?

पण माझा खरा राग मोठेबाबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावासाठी आहे. बातमीत "एक वयोवृद्ध गृहस्थ तर बडबडत बाहेर पडले" असं लिहिलंय ते माझे मोठेबाबा. पंच्याहत्तरी उलटली त्यांची. उमेदीत त्यांनी दंडारीत बाईचा पार्ट केला, आमच्याकडं दंडारीत बाईचं काम पुरुषच करत आले. त्यांची तारामती आसपासच्या खेड्यांत गाजलेली, लुगडं, गंगावन, हातभर बांगड्या, आणि रोहिदासाला मांडीवर घेऊन रडायला लागले की समोरच्या बाया हुंदके देत पुढं यायच्या, पाया पडायच्या, ओटीत नाणी टाकायच्या, कोणी तोंडावरून हात फिरवायची. ज्या गावात हे व्हायचं त्याच गावात सकाळी लुगडं उतरवून, तोंड धुऊन चहाला गेले की त्यांच्यासाठी कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली, पिऊन झालं की स्वतः विसळून परत तिथंच ठेवायची, आणि चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही. पैसेसुद्धा हातात घेत नव्हते, ओट्यावर ठेव म्हणायचे. रात्री पायाला हात लावणाऱ्यांत त्या हॉटेलवाल्याची बायको पण असायची. हे मोठेबाबांनी घरात कधी मोकळेपणानं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सभागृहाच्या अंधारात सांगितलं. वर ती दोन झाकलेली माणसं एकमेकांना चाचपत होती, आधी लांबून, मग बोटानं, मग एकाचा पंजा दुसऱ्याच्या पाठीवर टेकला, तेव्हा माझ्या कानाशी म्हणाले, "तोंड झाकलं का जात झाकल्या जाते. आता लावन कोणी बी हात."

तुमच्या प्रतिनिधीपेक्षा हा नाच त्यांना जास्त कळला असं मी इथं लिहून देतो. बातमीत स्पर्शाबद्दल "तरल", "हळवा", "अनोळखी ओढ" असे शब्द आहेत. कोणी कोणाला हात लावू शकते आणि कोणाला नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही. त्या नाचात ते होतं. मला दिसलं, आमच्यातल्या दहावी नापास ढोलकीवाल्यालाही दिसलं, गाडीत पवनीपर्यंत तोच विषय चालू होता.

मी उठा म्हटलं तर मोठेबाबा उठेनात. "थांब ना बे, तोंड उघडतेत का पाहू दे," असंच म्हणत होते, शेवटी दंडाला धरून उठवावं लागलं. दारापर्यंत मागं वळून वळून पाहत होते आणि माझ्यावर चिडून बोलत होते, ती तुमच्या बातमीतली बडबड. त्या माणसाला तुम्ही "झेपलं नाही" या खात्यात टाकलं. त्यांना वाचता येते साहेब, त्यांनी बातमी वाचली. काही बोलले नाहीत, पेपर घडी करून मला परत दिला.

आणखी एक, विषय निघालाच आहे तर. मंडईच्या दिवसांत तुमच्या पेपरच्या आमच्या भागातल्या आवृत्तीत नाटकांच्या जाहिरातींनी पान भरलेलं असते, पैसे मोजून दिलेल्या, पण त्यातल्या एका नाटकावर चार ओळींचं परीक्षण कधी येत नाही. मागच्या हंगामात आमच्या दंडारीची माहिती फोटोसकट तुमच्या तालुक्याच्या माणसाकडं दिली होती, तो म्हणाला जाहिरात द्या मग पाहू. नागपुरात कोणी चेहरा झाकून नाचलं तर रंगीत पान, आणि आमचा माणूस रात्रभर लुगडं नेसून उभा राहिला तर जाहिरातीचा सेंटीमीटरचा दर. अन् पेपर दुपारी बारानंतर येतो, तेही एकदा पाहा.

तीन गोष्टी करा अशी विनंती आहे. आम्ही का उठलो ते खुलाशात छापा. तो झगा कोणी शिवला त्याचं नाव शोधून छापा, नागपूरचाच कोणी असेल तर मला त्याला भेटायचं आहे, कोणतं कापड कुठून आणलं ते विचारायचं आहे. आणि तुमचा माणूस शेवटपर्यंत बसला असेल तर त्या दोघांनी शेवटी चेहरा उघडला की नाही तेवढं लिहा, बातमीत ते कुठंच नाही आणि मोठेबाबा विचारून राहिले.

आपला,
एक शिलाईवाला, ता. लाखांदूर, जि. भंडारा
(नाव आणि फोन वेगळ्या कागदावर दिला आहे.)