घाटातल्या बसची काच आतून कोण बघणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की घाटातल्या दरडी, खड्डे, तुटलेले कठडे याच्यावर तुमच्या पेपरात रोज काही ना काही येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण ज्या काचेतून ड्रायव्हर हे सगळं बघणार ती काचच आतून पांढरी होते त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी कोल्हापुरात बसच्या एसी-हीटरची कामं करतो. आंबोली, फोंडा, करूळ, आंबा या घाटांनी कोकणात उतरणाऱ्या गाड्या आमच्याकडे येतात. एकट्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, ढग रस्त्यावरच उतरलेले, आणि बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं ओल्या कपड्यांनी, छत्र्या पायाशी घेऊन, खिडक्या घट्ट लावून बसलेली. पावसाने काच गार पडते आणि आतली सगळी वाफ तिच्यावर जाऊन बसते. वायपर बाहेरून फिरतो, आतल्या धुक्याला तो काय करणार.

मागच्या पावसाळ्यात करूळ घाटात एका खासगी बसमध्ये पुढेच बसलो होतो, ड्रायव्हरदादा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या फडक्याने काच पुसत होते, वळण संपेस्तोवर पुसलेली जागा परत पांढरी, शेवटी क्लीनर उठून पुसायला लागला तर त्याच्या अंगाआड डावीकडचा आरसाच दिसेना. विचारलं काचेवर हवा मारणारा ब्लोअर का लावत नाही, तर म्हणाले, "बटण हाय की, हवाच येत नाही."

हवा का येत नाही ते मी रोज बघतो. व्यवस्था तशी साधी आहे, इंजिनातलं ऐंशी-नव्वद डिग्रीचं पाणी डॅशबोर्डखालच्या छोट्या, रेडिएटरसारख्या जाळीतून फिरतं, ब्लोअर त्याच्यावरून हवा मारतो आणि ती गरम हवा काचेच्या बुडाशी असलेल्या फटींतून वर येऊन काच कोरडी करते. पण जाळी एकदा लीक झाली की गाडी खोळंबू नये म्हणून दोन्ही पाइप एकमेकांना जोडून बायपास करतात, म्हणजे पाणी जाळीत न जाताच परत फिरतं, तात्पुरतं म्हणून, आणि ते तसंच वर्षानुवर्षं राहतं कारण आपल्याकडे थंडी कुठाय, हीटर कशाला! इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या जागी नळाचं पाणी घातलं की जाळीत गंज आणि क्षार बसतात. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा झडपा, काढून टाकलेला असतो, मग पावसात इंजिन पुरेसं गरमच होत नाही, त्यात घाट उतरताना इंजिनावर लोड नसतो, म्हणजे गरम हवा हवी तेव्हाच ती कोमट येते. ब्लोअरपासून काचेकडे जाणारा पाइप निसटून सगळी हवा ड्रायव्हरच्या पायावर जाते हेही नेहमीचंच. आणि फटी उघडल्या की आत काय सापडतं, तर उदबत्तीची राख, देवाच्या हाराची सुकलेली फुलं, जुनी तिकिटं. देवाचा फोटो असू द्या, माझी हरकत नाही, पण फटीवर काही ठेवू नका एवढीच विनंती आहे.

चालवायची पद्धतही ड्रायव्हरला कुणी सांगत नाही. आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची, ब्लोअर काचेकडे वळवायचा, घाट चढायला लागायच्या आधीच चालू करायचा, आणि ड्रायव्हरजवळ एसी असेल तर तोही हीटरबरोबर लावायचा कारण एसी हवेतली ओल काढतो. मात्र खाली कोकणात दमट उकाड्यात एसीची गार हवा काचेवर मारली तर धुकं बाहेरून धरतं. वायपर फिरवून काच साफ झाली तर ते बाहेरचं, मग गार हवा काचेवरून काढायची. बाहेरून तंबाखू चोळून पाणी निथळतं असं जुने ड्रायव्हर सांगतात, पण त्याचा आतल्या वाफेशी काही संबंध नाही. ज्या साध्या बसला हीटरच नाही तिथे निदान ड्रायव्हरचा छोटा पंखा काचेकडे वळवा आणि पुढची एक खिडकी थोडी उघडी ठेवा.

गणपतीत तर जास्तच काळजी वाटते. बाकीच्या जिल्ह्यांतून जादा गाड्या कोकणात येतात, ज्या गाडीला वर्षभर सपाट रस्त्यावर हीटरचं बटण दाबायची वेळ आली नाही ती एकदम रात्रीची घाटात. इलेक्ट्रिक बसचंही बघा, २०२२ च्या १ जूनला पुणे-नगर मार्गावर एसटीची शिवाई सुरू झाली, अशा गाड्या वाढणारच, पण त्यांच्यात इंजिनाची फुकटची गरमी नसते, काचेच्या हीटरला बॅटरीच लागते, तर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, वाचवायला तो बंद ठेवा असं कुठल्याच ड्रायव्हरला सांगू नका.

नव्या ट्रकच्या केबिनला २०२५ पासून एसी सक्तीचा झाला ते चांगलंच झालं. मग घाटातून पन्नास माणसं नेणाऱ्या बसच्या काचेवर हवा येते की नाही एवढं तरी मे महिन्यात तपासायला काय हरकत आहे? दहा मिनिटांचं काम आहे हो. इंजिन गरम करून हीटरच्या दोन्ही पाइपांना जपून हात लावायचा, दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय, एक गरम एक गार असेल तर जाळी चोंदलीय किंवा हीटरकडे पाणी सोडणारा कॉक अडकलाय. मग ब्लोअर फुल करून काचेच्या दोन्ही टोकांना हवा येते का बघायचं. बसमालकांनी आणि आगारांनी ही तपासणी गाडीच्या कार्डावर लिहून ठेवावी आणि ज्या गाडीची हवा येत नाही ती दुरुस्त होईपर्यंत घाटाच्या फेरीला लावू नये.

आपला,
एक बस मेकॅनिक, कोल्हापूर