डम्फ्रीजहून पत्र

२७ जानेवारी

तीर्थरूप अण्णा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत हीटर आहे, शाल आहे, आणि रात्रपाळीनंतर रुग्णालयाची गाडी दारापर्यंत सोडते. आई, तू उगाच जागत बसू नकोस.

अण्णा, तुम्ही विचारलंत की फोटोत सगळे उभं राहून एका ताटासाठी टाळ्या का वाजवताहेत. २५ जानेवारी हा रॉबर्ट बर्न्स या इथल्या, स्कॉटलंडच्या लाडक्या कवीचा जन्मदिवस. त्या रात्री हॅगिस नावाचा पदार्थ वाजतगाजत आणतात. मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस बारीक करून त्यात ओट आणि कांदा घालतात आणि ते सगळं मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवतात. पुढे बॅगपाइप वाजवणारा, मागे ताट, आणि माणसं टाळ्यांचा ठेका धरतात. मग एक जण त्या पदार्थाला उद्देशून बर्न्सची कविताच म्हणतो, अगदी समोर पाहुणा बसल्यासारखी, आणि ठरलेल्या ओळीला सुरी खुपसतो. त्यानंतरच वाढतात. आई, शाकाहारी हॅगिसही मिळतं, मी तेच घेतलं. आणि पेल्यात संत्र्याचा रस होता.

जेवणानंतर एका आजींनी ‘रेड, रेड रोझ’ म्हटलं. जूनमध्ये नुकत्याच उमललेल्या गुलाबासारखी माझी प्रिया. समुद्र आटतील, खडक उन्हाने वितळतील, तोवर प्रेम करीन. आणि दहा हजार मैल असले तरी परत येईन. एवढंच गाणं. शेवटच्या कडव्याला माझ्याच्याने तिथे बसवेना.

हे गाणं १७९४ साली पिएत्रो उर्बानी या संगीतकाराने छापलं. पण बर्न्सने ते सगळं स्वतः रचलं असं नाही, त्याने ते गावाकडे ऐकलं होतं. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या जुन्या चोपड्यांत यातल्या कल्पना विखुरलेल्या होत्या. त्याने त्या वेचून एकसंध केल्या. अशी कितीतरी गाणी त्याने जेम्स जॉन्सनच्या स्कॉटिश गाण्यांच्या संग्रहाला दिली, मानधन न घेता. चालही आज गातात ती त्याने निवडलेली नव्हे, ती पुढे जडली. जर्मनीत शूमान या संगीतकाराने याच्या जर्मन अनुवादाला वेगळं संगीत दिलं. बर्न्स याच गावात १७९६ साली ३७व्या वर्षी गेला. त्याची समाधी सेंट मायकल चर्चच्या आवारात आहे, सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन येते.

म्हणून एक काम सांगते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या दादाला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. तिला आठवतील तशा, मध्ये थांबली तरी चालेल. लोकांच्या तोंडी होतं ते एका माणसाने मन लावून टिपलं म्हणून दोनशे वर्षांनी मी ते ऐकलं. आपल्याकडे आजीनंतर त्या ओव्या येणारं कुणी नाही. मी तिथे असते तर मीच बसले असते तिच्याजवळ.

सोसायटीच्या हप्त्याचे आणि पत्र्यांच्या कामाचे पैसे सोमवारी पाठवलेत. अण्णांच्या मोतीबिंदूचेही त्यातच धरलेत. तुम्ही ‘उन्हाळ्यात बघू’ म्हणाल. तसं करू नका, लगेच तारीख घ्या. माझं इथे व्यवस्थित भागतं.

कोल्हापूरच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला आहे, पण त्याला तिकडेच राहायचंय आणि मी इथला करार दोन वर्षं वाढवलाय. हे फोनवर सांगायला जीभ रेटली नाही. मावशी विचारेल, तर सांगा की माझ्या मनात दुसरं कुणी नाही. बर्न्सलाही त्याच्या बायकोच्या, म्हणजे जीनच्या वडिलांनी आधी नकारच दिला होता, १७८८ साली त्यांचा संसार मान्य झाला. आई, थोडं थांबलं म्हणून काही बिघडत नाही.

गणपतीला येणं जमणार नाही. दिवाळीच्या सुट्टीचा अर्ज दिलाय. आजीला नमस्कार, दादाला आशीर्वाद मागितलेत म्हणून सांगा.

आपली,
अश्विनी