विकीच्या सर्व्हरसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार,

पान उघडता उघडत नाही, ‘जतन करा’ दाबलं की चाक फिरतच राहतं, या तक्रारी आता रोजच्याच झाल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. सरळ मोठा सर्व्हर घ्या, असं बऱ्याच सदस्यांचं म्हणणं पडलं. समितीला ते पटलेलं नाही. सेटिंग तीच ठेवली तर नवा सर्व्हरही लवकरच धापा टाकेल.

दुखणं कुठे आहे ते सांगतो. आपली विकी ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्या मीडियाविकीत मुळातच अशी व्यवस्था असते की साचलेली कामं वाचकाने पान मागितलं की त्यासोबत थोडी थोडी उरकली जातात. मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या एखाद्या साच्यात (अनेक पानांवर एकदम वापरायच्या तयार मजकुरात) कुणी स्वल्पविराम जरी बदलला, तरी तो साचा असलेली सगळी पानं रांगेत लागतात आणि भुर्दंड पडतो त्या वेळी विकीवर आलेल्याला. ही कामं क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) टाकून वेगळी चालवायची आहेत. दुसरं म्हणजे, मारियाडीबी या आपल्या डेटाबेसला बफर पूल, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची रॅममधली जागा, सेटिंग न बदलल्यास १२८ एमबीच मिळतो. एवढ्या मोठ्या विकीला तो कुठला पुरायला? मग सारख्या डिस्कवर खेपा. शिवाय बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम, आहेतच. ते पानांचे इतिहास आणि जुन्या आवृत्त्यांमधले फरक उपसत बसतात, आणि ही पानं कॅशमध्ये (तयार पानांच्या साठ्यात) क्वचितच तयार सापडतात.

लॉग-इन न केलेल्या वाचकांना वार्निशमधून (पानं साठवून ठेवणाऱ्या प्रोग्राममधून) तयार पान देता येईल. संपादकांसाठी मात्र प्रत्येक पान पीएचपीतूनच, म्हणजे मीडियाविकीचा कोड चालवूनच, यावं लागतं, म्हणजे जे राबतात तेच ताटकळतात. त्यांच्यासाठी मेमकॅश्ड (वारंवार लागणारी माहिती रॅममध्ये ठेवणारा प्रोग्राम) हवं, आणि त्याला व बफर पूलला मिळून रॅम हवी. देणगीचा पैसा आधी रॅमवरच खर्च होईल. जमाखर्च विकीवरच सर्वांना दिसेल असा मांडू.

पैशांइतकीच माणसांची गरज आहे. स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसला जास्त वेळ लागलेल्या शोधांची नोंद) वाचून कुठे इंडेक्स (शोध झटपट होण्यासाठीची सूची) कमी पडतोय हे सांगू शकेल असं कुणी आपल्यात असेल, तर संध्याकाळचे दोन-चार तास द्यावेत. साच्यांची जाण असलेल्यांनी एकात एक गुंतलेले जुने साचे सोडवायला घ्यावेत. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याने फरक पडतो. आणि गर्दीच्या वेळी मोठ्या साच्यांना हात लावू नका, एवढं तर सगळ्यांनाच जमेल.

इच्छुकांनी चावडीवर (विकीच्या चर्चेच्या पानावर) नाव नोंदवावं. देणगीचा तपशील तिथेच मिळेल.

आपली,
विकी व्यवस्थापन समिती