बिलाखालची रिकामी ओळ

दादर, मुंबई
१४ मे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून द्यायला दादाला सांगितलंय, म्हणजे आईला भिंग लागणार नाही. दोघांनी एकत्र बसून वाचा आणि मग घडी करून बाबांच्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा.

जे सांगायला जीभ रेटत नव्हती ते आधी सांगते. मी तुमच्यासोबत ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला येत नाही. तिकीट सोमवारी रद्द केलं. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती, बाबा "बरं बरं" म्हणाले असते, आणि ते ऐकणं मला जमलं नसतं. मे महिन्यात आमच्या ऑफिसात काय असतं ते तुम्ही पाहिलंय. यंदा फ्लोरिडाच्या सहलीचेच तीन ग्रुप निघतायत, जोडीची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे. शिवाय सोमवारपर्यंत रद्द केलं तरच तिकिटाचे बरेचसे पैसे परत मिळणार होते. दादा-वहिनी सोबत आहेत, म्हणून धीर केला. तरी मनाला काही पटत नाही. घराची काळजी करू नका. तुळशीला रोज पाणी घालते, बाबांचा पेपर बंद केलेला नाही, अग्रलेखांची पानं वेगळी काढून ठेवतेय.

आता कामाचं. मी असते तर बिल माझ्याच हातात आलं असतं. आता बुधवारी दुपारी ते तुमच्या हातात येणार. दादा-वहिनी इराला झोपवायला हॉटेलवर जातील आणि डिस्नेच्या एपकॉट पार्कात तुम्ही दोघं आणि सोहमच जेवायला असाल. पदार्थ, किंमत, टिप हे सगळं आधीच माहीत असलं की जेवण सुखाचं होतं. नाहीतर बाबा मेनूकार्ड बघूनच "मला भूक नाही" म्हणतील, हे मला इथे बसून दिसतंय. तसं म्हणायचं नाही.

तिथे खाण्याच्या जागा दोन प्रकारच्या. एक काउंटरची. दादाच्या फोनमधल्या अ‍ॅपवर पदार्थ निवडायचे, पैसे तिथेच भरायचे, आणि काउंटरजवळ पोचल्यावर "आलोय" असं सांगणारं बटण दाबायचं. ते लांबून दाबलं तर खाणं तयार होऊन गार होतं, म्हणून जवळ गेल्यावरच. इथे टिप द्यायची नसते. ताट तुम्हीच उचलायचं, टेबल तुम्हीच शोधायचं, मग टिप कसली? याच काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मिळतो, नुसता मागायचा. आई, चार-पाच डॉलरची बाटली घ्यायची नाही, आणि बाबांच्या पाण्यात बर्फ नको असेल तर "नो आइस" म्हणायचं.

दुसरा प्रकार टेबलावर बसून जेवायचा. तिथे वेटर येतो, विचारतो, वाढतो. इथे टिप म्हणजे आपल्या उडप्याकडे बडीशेपेच्या ताटलीत ठेवलेले वीस रुपये नव्हेत. १८ ते २० टक्के द्यायचे, आणि मी २० धरून चालले आहे.

बाबा, तुम्हाला हे खटकणार. मुंबईत तुम्ही सर्व्हिस चार्ज बिलातून काढायला लावता आणि ते बरोबरच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. पण तिथला हिशेब मुळातच वेगळा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची किमान रोख मजुरी ताशी २ डॉलर १३ सेंट आहे, आणि ती १९९१ पासून तिथेच थांबलेली आहे. फ्लोरिडात परिस्थिती बरी आहे, तरी राज्याच्या किमान वेतनापेक्षा ताशी ३ डॉलर २ सेंट कमी द्यायची मालकाला मुभा आहे. उरलेले गिऱ्हाइकाने टिपेतून द्यायचे, असं कायद्यानेच गृहीत धरलंय. शिवाय टिप सहसा एकाच्याच खिशात जात नाही, पेयं बनवणाऱ्याला आणि टेबल आवरणाऱ्यालाही त्यातून वाटा जातो. तुम्ही बेस्टमध्ये इतकी वर्षं युनियनचं काम केलंत. वेतन कुठून कापलं जातं आणि कुठून भरून निघतं, हे तुम्हाला माझ्याहून लवकर कळेल. डिस्नेत सहा संघटनांनी मिळून बनवलेली सर्व्हिस ट्रेड्स कौन्सिल युनियन आहे. वेटरला फुरसत असेल तर विचारा त्याला, आनंदाने बोलेल.

आता बुधवारचं जेवण. दुपारी बाराची वेळ घेतली आहे, म्हणजे बाबांच्या इन्सुलिनचं गणित चुकणार नाही. जागेचं नाव गार्डन ग्रिल. एपकॉटमध्ये 'द लँड' म्हणून इमारत आहे, तिच्यात. बसायची जागा हळूहळू गोल फिरते आणि खाली शेताचे, जंगलाचे देखावे दिसतात. वेग इतका कमी की आईला गरगरणार नाही, हे मी नीट विचारून घेतलंय. चिप आणि डेल या कार्टूनमधल्या खारी टेबलाशी येऊन फोटो काढतात, सोहमला त्यांचंच वेड आहे. ही वेळ मिळवायची तर साठ दिवस आधी तिथल्या सकाळी सहाला बुकिंग उघडतं. मुंबईत तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. त्यामुळे ही जागा सहज बदलून मिळणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

तिथे माणशी ठरलेली किंमत असते. दहा वर्षांचं मूल झालं की मोठ्याचे पैसे, तीन ते नऊपर्यंत लहानाचे, आणि तीनच्या आत काही नाही. मी हिशेबासाठी मोठ्याला ६५ आणि सोहमला ४२ धरलेत. तिघांचे १७२ झाले. त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर, म्हणजे ११ डॉलर १८ सेंट, मिळून १८३.१८. टिप मात्र कर धरून काढायची नाही, करापूर्वीच्या १७२ वर काढायची. १७२ चा दहावा भाग १७.२०, त्याची दुप्पट ३४.४०. एकूण २१७.५८. थोडक्यात, कार्डावरची किंमत सव्वापट केली आणि वर दोन-तीन डॉलर धरले की शेवटचा आकडा येतो. हे आधीच माहीत असलं म्हणजे बिल बघून छातीत धस्स होणार नाही. रुपयांत गुणाकार कृपा करून करू नका. हे पैसे मी फॉरेक्स कार्डात भरून ठेवलेत, टिपेसकट. बाबांच्या पेन्शनमधला एक पैसाही त्यात नाही, आणि उरले तर मला परत नकोत.

बिल एका पाकिटात येतं. त्यात कार्ड ठेवायचं, वेटर घेऊन जातो आणि दोन चिठ्ठ्यांसह परत आणतो. पिन विचारत नाहीत, सहीवर काम होतं. एक चिठ्ठी त्यांची, एक आपली. त्यांच्या चिठ्ठीवर तीन जागा रिकाम्या असतात. 'टिप' समोर ३४.४०, 'टोटल' समोर २१७.५८, आणि खाली सही. दोन्ही आकडे लिहायचे. फक्त टिप लिहून टोटल मोकळं सोडलं तर पुढे घोळ होतो. सही मराठीत चालते, आकडे मात्र इंग्रजीच काढायचे. आपली चिठ्ठी पाऊचमध्ये ठेवायची, सही केलेली टेबलावर. उलट झालं तर टिपेचा आकडा त्यांच्याकडे पोचतच नाही आणि वेटर रिकाम्या हाताने घरी जातो. ही चूक आमच्या प्रवाशांकडून फार होते, म्हणून सांगतेय.

फोनवर मेसेज येईल तो १८३.१८ चा. दोन-तीन दिवसांनी कार्डातून २१७.५८ वजा झालेले दिसतील. ती फसवणूक नाही. आधी फक्त बिलाची रक्कम अडवून ठेवतात आणि टिप नंतर त्यात मिळवतात. बाबा, रात्री-अपरात्री बँकेला फोन लावू नका.

मंगळवारचं वेगळं आहे. क्रिस्टल पॅलेस या मॅजिक किंगडम पार्कातल्या रेस्टॉरंटला तुम्ही सहा जण असाल, आणि सहा किंवा जास्त माणसं असली की तिथे १८ टक्के आपोआप बिलात लागतात. बिलावर 'ग्रॅच्युइटी' किंवा 'सर्व्हिस चार्ज' असा शब्द दिसेल. तरीही खाली टिपेची ओळ रिकामीच असते, आणि लोक भाबडेपणाने पुन्हा वीस टक्के भरतात. तो शब्द दिसला की रिकाम्या ओळीवर आडवी रेघ मारायची आणि टोटल तेवढंच लिहायचं. तिथे बुफे आहे, ताट आपणच वाढून घेतो, तरी टिप लागते, कारण पेयं आणणं आणि ताटं उचलणं वेटरच करतो. दादाने डिस्नेचा आगाऊ पैसे भरायचा जेवणाचा प्लॅन घ्यायचा विचार केला होता. त्याला सांगा, त्यातही साधारणपणे टिप धरलेली नसते.

आई, तुझ्या खाण्याचं. गार्डन ग्रिलला एरवी मोठ्या थाळ्यात मांसाचे पदार्थ येतात. बसल्या बसल्या "नो मीट, नो फिश, नो एग" म्हण आणि 'प्लांट बेस्ड' माग. त्यांच्याकडे या शब्दाचा अर्थ मांस, अंडं, दूध, मध काहीच नाही असा आहे, आणि मेनूवर हिरव्या पानाची खूण असते. चव तुला मिळमिळीत वाटेल. म्हणून वहिनीकडे मेतकूट आणि लिंबाचं लोणचं दिलंय. बाहेरचं खाणं पार्कात न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची बरणी चालत नाही. लोणचं प्लास्टिकच्या डबीत काढून घे. थेपले आहेत, चहाच्या पुड्या आहेत. काउंटरवर गरम पाणी माग, चहा तुझ्या हातचाच होईल. लहानपणी प्रवासात तू आधी आम्हाला भरवायचीस आणि स्वतः शेवटी डब्यातलं उरलेलं खायचीस. बुधवारी तसं करू नकोस. सोहम मोठा झालाय. तू तुझं ताट पूर्ण जेव, सावकाश, गरम असताना.

गुरुवारी संध्याकाळी सना नावाच्या रेस्टॉरंटात जा. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलात आहे, पार्कचं तिकीट लागत नाही. तिथे भारतीय पद्धतीच्या नान-कुलच्यांचं ताट मिळतं, सोबत चटण्या, रायती, लोणची मिळून नऊ वाट्या. काचेपलीकडे जिराफ आणि झेब्रे फिरतात. तेवढ्या ताटात तुमचं दोघांचं भागेल, वाटून खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही. पुन्हा सहा जण आहात, म्हणजे १८ टक्के बिलातच शोधा.

आणि टिप कुणाला द्यायची नाही तेही ऐक. मिकीच्या, खारींच्या हातावर काही ठेवायचं नाही. पाळण्यात बसवणाऱ्या मुलांना, बसच्या ड्रायव्हरला, काउंटरवाल्यांनाही नाही. त्यांना घेता येत नाही आणि तुला नाही म्हणताना ती मुलं अवघडून जातात. एखादी मुलगी खूप गोड वागली तर छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून दादाला सांग. तो अ‍ॅपवरून तिचं कौतुक पाठवेल आणि ते तिच्या वरिष्ठांपर्यंत जातं. हॉटेलची खोली आवरणाऱ्यांसाठी मात्र रोज थोडे डॉलर ठेवायचे. एक आणि पाचच्या नोटा निळ्या लिफाफ्यात आहेत.

बाबांना दमल्यासारखं वाटलं तर जेवण गेलं खड्ड्यात. दोन तास आधी दादाला सांगा, तो अ‍ॅपवर रद्द करेल. उशीर झाला तर माणशी दहा डॉलर दंड लागतो, म्हणजे तीस. लागू दे. तीस डॉलरसाठी उन्हातून ओढत जायचं नाही. प्रत्येक पार्कात फर्स्ट एडची खोली आहे, नर्स असते, इन्सुलिन थंड ठेवायची सोय होते. टोपी विसरू नका. खुर्चीगाडी घ्यायला बाबांनी लाजू नये. मला अजून त्या माथेरानच्या दुपारची भीती वाटते.

बुधवारी तिकडे बारा वाजतील तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतील. मी फोन हातात घेऊन ओट्याजवळच्या खुर्चीत बसलेली असेन. बिल आलं की आधी सोहमला त्याचा फोटो काढून मला पाठवायला सांगा, सही त्यानंतर करा.

तुमची,
छकुली

ता. क. लिफाफ्यातल्या नोटा नव्या आहेत, एकमेकींना चिकटतात. देताना मोजून द्या.