मांजराचं पोट समजून घेताना

मालवण

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

मांजराच्या आतले अवयव शिकायला भिंतीवरचा तक्ता पुरेल का, असं तू विचारलंस. तक्त्याने नावं पाठ होतील, जागा कळणार नाहीत. त्यापेक्षा मटणवाल्याकडून बकऱ्याची फुप्फुसं, दिल, कलेजी आणि गुर्दा न चिरता मागून आण. दिल आडवं काप. डावी भिंत उजवीपेक्षा जाड दिसेल, कारण डाव्या बाजूला साऱ्या अंगात रक्त ढकलायचं असतं. मांजरातही तसंच. फुप्फुसात मात्र एक फरक आहे. बकऱ्याची श्वासनलिका दुभंगण्याआधीच तिची एक फांदी उजव्या फुप्फुसात जाते. मांजरात ती नसते. वजडी बघून मांजराचं जठर शिकायला जाऊ नकोस. बकऱ्याच्या पोटाचे कप्पे चार, मांजराचा एकच.

मग जिवंत मांजराकडे वळ, पण तिला खायला घालण्याआधी. डाव्या कोपराच्या मागे छातीवर दोन बोटं ठेव, १५ सेकंद ठोके मोज आणि चारने गुण. १४० ते २२० ठीक. श्वास ती झोपलेली असताना मोज. मिनिटाला ३० च्या वर सतत जात असेल तर डॉक्टरांना दाखव. शेवटच्या बरगडीमागे, कण्याखाली डावं मूत्रपिंड सैल लोंबतं, ते चटकन सापडतं. लांबी तीन-चार सेंटिमीटर. उजवं थोडं पुढे, बरगडीआड दडलेलं, म्हणून ते हाताला लागलं नाही तर घाबरू नकोस. मूत्राशय अगदी हलक्या हाताने चाचप. बोका सतत बसून कुंथतोय, लघवीचा थेंब नाही आणि मूत्राशय घट्ट लागतंय, तर मूत्रमार्ग तुंबलाय. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

यकृताचं काम आहारातून पटकन समजतं. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस तोंडच लावलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचून ते बिघडतं. पॅरासिटामॉल निकामी करणारं विकर (एन्झाइम) तिच्या यकृतात फार कमी असतं, त्यामुळे अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. टॉरिन हे मांसा-माशातलं पोषकद्रव्य तिला स्वतःपुरतं बनवता येत नाही. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं, हे १९८७ साली सिद्ध झालं. टॉरिन पाण्यात उतरतं. म्हणून बांगडा उकडलास तर ते पाणी ओतून न देता भातावर घाल. मीठ-मसाला अर्थातच नाही. आणि नुसत्या मासे-भातावर तिला कायम ठेवू नकोस.

आता आतडं, आपल्या किनाऱ्यावरचं खरं संकट. मांसाहारी प्राण्याचं म्हणून ते आखूड: लहान आतडं साधारण एक ते दीड मीटर, अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) इवलीशी, आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) नाहीच. मांजर गळाला लावलेला मासा खाते, तेव्हा तंगूस, म्हणजे गळाचा दोराही पोटात जातो. त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं. आतडं आपल्या लाटांनी दुसरं टोक पुढे रेटत राहतं; ते सुटत नाही, म्हणून आतडंच चुणीदार होऊन दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा आतून त्याला करवतीसारखा कापतो. ओकाऱ्या, अन्न बंद, पोटाला हात लावू न देणं ही लक्षणं. जिभेखाली बघ. दोरा दिसला तरी ओढू नकोस, मागून लोंबत असला तरी नाही. जिभेखालचा कापूही नकोस. तशीच टोपलीत घालून दवाखान्यात ने.

स्वादुपिंडाबद्दल एवढंच: त्याची नलिका बहुधा पित्तनलिकेला मिळूनच आतड्यात उघडते. म्हणून यकृत, स्वादुपिंड आणि आतडं यांची सूज मांजरात कैकदा एकत्रच आढळते. प्लीहा (पाणथरी) जठराच्या डाव्या कडेला जिभेसारखी लांबट असते, ती बकऱ्याच्या कलेजीबरोबर मिळाली तर बघून घे.

वहिनींना नमस्कार. फुप्फुसं घरात कापणार असलास तर त्यांना आधी सांग.

तुझा,
दत्ता