हे पत्र शुगरबद्दल नाही

सांगली,
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा इकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि गल्लीत फटाके वाजत होते. आशिया कपची फायनल, त्यात समोर पाकिस्तान, तिलक वर्मानं सामना काढून दिलेला. बाबा खाली काकांकडे बसलेले. आणि तू तिकडे तुझ्या व्हाइट सॉक्सचा, त्या शिकागोच्या बेसबॉल टीमचा, वॉशिंग्टनमधला शेवटचा सामना बघायच्या घाईत. शंभरावर सामने हरून झालेली टीम, आता हरली काय नि जिंकली काय, पण तुला पहिला चेंडू चुकवायचा नव्हता. मी नेमकं तेव्हाच रिपोर्टचं काढलं.

ताईवर रागावू नकोस. तिनं आपणहून सांगितलेलं नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं. लहानपणापासून तुझी गुपितं तिनं सांभाळली आहेत, कपाटाच्या काचेपासून. पण प्रत्येक गुपित सांभाळायचं नसतं.

असो. या पत्रात शुगरचा शब्दही काढायचा नाही असं मी ठरवलं आहे. तीन महिन्यांची सरासरी ८.४ आली, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, ताईला ठाऊक आहे. संपलं. मी तुझ्या टीमबद्दल लिहिणार आहे. तुझ्याकडून इथे परत येऊन दीड-दोन महिने होत आले तरी सकाळी चहाच्या आधी मी मोबाइलवर स्कोअर बघते. बाबा हसतात. आता तर बघायलाही काही नाही.

६० जिंकले, १०२ हरले. गेल्या वर्षी ४१ आणि १२१. त्याच्या आदल्या वर्षी १०१ हरले होते. बाबांना हे आकडे सांगितले तर म्हणाले, तीन वर्षं ओळीनं शंभरावर हरणारी टीम अजून चालू कशी? मी त्यांना समजावलं की तिथे कितीही हरलं तरी कुणी खालच्या लीगमध्ये ढकलत नाही, पुढच्या वर्षी परत १६२ सामने. त्यावर त्यांचं म्हणणं, म्हणूनच हरतात. त्यांच्या लेखी बेसबॉल म्हणजे विटीदांडूचा श्रीमंत भाऊ, त्यापुढे ते जात नाहीत.

गेल्या वर्षीचं मला तुझ्या फोनवरूनच माहीत. ओळीनं २१ सामने हरले तेव्हा तू रोज सांगायचास, आई, आजपण. मग मॅनेजरला काढलं. सप्टेंबरात १२० वर येऊन ठेपले, म्हणजे १९६२ च्या न्यूयॉर्कच्या मेट्सच्या, आधुनिक काळातल्या सर्वाधिक पराभवांची बरोबरी, आणि एकशे एकविसावा पराभव डोळ्यांनी बघायचा म्हणून लोक मैदानावर आले. तर ह्यांनी एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले! तू हसून हसून सांगत होतास. शेवटी २७ सप्टेंबरला डेट्रॉइटला जाऊन हरले आणि विक्रम झाला. त्या वर्षी त्या मैदानावर नावाजण्यासारखं काय झालं असेल तर तो कॅम्पफायर मिल्कशेक. वर भाजलेले मार्शमेलो, चॉकलेट, बिस्किटाचा चुरा. तू हातात धरून काढलेला फोटो मी सगळ्या गल्लीला दाखवला होता. आता तो फोटो बघितला की पोटात गोळा येतो.

बघ, आलाच विषय. पुढे जाते.

मे महिन्यात मी आले तेव्हा तू पहिल्याच शनिवार-रविवारी मला रेड लाइननं ३५ व्या रस्त्याच्या स्टेशनला नेलंस. मला वाटलं होतं, आईला फिरवायचं म्हणून तळ्याकाठी नेशील. खुर्च्या निम्म्या रिकाम्या. तू मला तो १४० नंबरचा भाग दाखवलास, २००५ च्या वर्ल्ड सिरीजला नवे पोप जिथे बसले होते तो. पोपसुद्धा ह्याच टीमचे म्हटल्यावर मला जरा धीर आला. म्हटलं, प्रार्थना करणारं कुणीतरी आहे. मग होमरन झाली, फलकावरची चक्रं फिरायला लागली, आतषबाजी सुटली आणि मी तुझा दंड घट्ट धरला. तेव्हाच जाणवलं की दंड बारीक झालाय. विचारलं तर तू म्हणालास, जिम. मी गप्प बसले. वजन उतरतंय, पाणी सारखं पितोयस, रात्री दोनदा उठतोयस. हे सगळं मी आबांच्या वेळी बघितलेलं होतं.

ती स्कोअरची वही मात्र मला फार आवडली. तू पेन्सिलीला टोक काढून ठेवायचास, प्रत्येक खेळाडूचा चौकोन, चौकोनात त्याचा सगळा हिशोब. मैदानावरच्या जागांना नंबर, पिचर एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा. ६-४-३ म्हणजे चेंडू त्या क्रमानं गेला आणि दोघं बाद. स्ट्राइकआउट झाला तर के, आणि बॅट न फिरवता बघत उभाच राहिला तर उलटा के. उलटा के बघून मला पहिलीच्या वर्गातली पोरं आठवली. त्यांना सुलटा करायला किती घाम गाळला मी, आणि इथे मुद्दाम उलटा काढायचा! इतकी नीट वही इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकाही मास्तरची बघितली नाही, हजेरीपटसुद्धा नाही. खाडाखोड नाही, हरलेल्या सामन्यातही नाही. अभिमान वाटला. कुणाला सांगायचा अभिमान आहे का तो, माहीत नाही, पण वाटला.

त्या वहीतूनच मला ती पोरं कळली. शेन स्मिथ बघ. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, त्याला कुणी घेतलंच नव्हतं. मिल्वॉकीवाल्यांनी असाच करारावर घेतला, आणि मुख्य यादीत जागा दिली नाही म्हणून डिसेंबरात त्या रूल ५ च्या निवडीत तुमच्यांनी पहिलाच उचलला. एक लाख डॉलर भरायचे आणि वर्षभर मुख्य टीममध्येच ठेवायचा, नाहीतर आधीच्या मालकाला परत विचारायचं, हा नियम तू मला जेवताना समजावला होतास. चांगल्या टीमला असला पोरगा वर्षभर सांभाळणं परवडत नाही, हरणाऱ्या टीमला परवडतं. आणि जुलैत तो निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याला! मला तर वाटतं, हरणाऱ्या घरात पोरांना खेळायला मिळतं. जिंकणाऱ्या घरात ती बाकावर बसतात.

तो काइल टील गॅरेट क्रोशेच्या बदल्यात बोस्टनहून आला. एवढा चांगला पिचर देऊन टाकला आणि चार पोरं घेतली, हे मला आधी पटलं नव्हतं. सोनं मोडून पितळ घेतलं म्हटलं मी. तू म्हणालास, दोन वर्षं थांब. पण दोन महिन्यांतच टील मला आवडायला लागला. आणि तो क्युबाचा एडगर केरो. दोघंही कॅचर, दोघंही नवे, एक जागा. त्यांच्या आयांना काय वाटत असेल?

पण माझा खरा माणूस माँटगोमेरी. ४ जुलैला कोलोरॅडोत त्याचा पहिला सामना आपण दोघांनी घरी बसून बघितला, बाहेर फटाके चाललेले. तेव्हा तू त्याची गोष्ट सांगितलीस. पहिल्या फेरीत निवडलेला, एवढं नाव झालेला मुलगा, आणि एप्रिलात शार्लटला, खालच्या टीममध्ये, त्याच्या बॅटला चेंडूच लागेना. तर त्यांनी त्याला सामन्यांतून काढला आणि ॲरिझोनाला पाठवला. सामने नाहीत, प्रेक्षक नाहीत, नुसतं शिकवणाऱ्यासमोर उभं राहून पहिल्यापासून बॅट फिरवायची. परत आला आणि ७१ सामन्यांत २१ होमरन. टीम ऑल-स्टारच्या सुट्टीपर्यंत ३२ जिंकून ६५ हरली होती, नंतर २८ जिंकून ३७. हे सगळं एकट्या त्याच्यामुळे नाही हे मला कळतं, पण मी मनात त्याच्याच नावावर मांडलंय.

त्या पोराला कुणीतरी ‘थांब’ म्हणालं आणि तो थांबला. तुला कोण म्हणणार? मी म्हटलं तर फोन ठेवतोस.

आता आलेच आहे तर बोलूनच टाकते. १०२ पराभव तू स्वतःच्या हातानं चौकोनात लिहिलेस, एकाही पानाकडे पाठ फिरवली नाहीस. आणि बोटाला एक सुई टोचून एक आकडा बघायचा म्हटलं तर तुझा हात चालत नाही? ताई म्हणाली, मशीन आणून महिना झाला, खोकंसुद्धा उघडलं नाहीस. तीच वही घे ना. मागची पानं कोरी असतील. तारीख, सकाळची उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची. वाटल्यास उलटा के काढ. गोळी जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी घेतलीस तर मळमळेल आणि मग बंद करशील. डोळे वर्षातून एकदा दाखवायचे, दिसतंय नीट म्हणून टाळायचं नाही. आणि पाय रोज रात्री बघायचे, तळवेसुद्धा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. डेव्हन ॲव्हेन्यूला ज्वारीचं पीठ मिळतं, आपण दोघं मिळून आणलं होतं, ते फडताळात तसंच असेल. सूनबाई गेल्यापासून, माझे ते महिने सोडले तर, तुझ्या घरात कुकर वाजलेला नाही, हे मी बोलणार नव्हते.

झालं, सुरू झाली शाळा. माफ कर. निवृत्त झाले तरी खडू सुटत नाही.

पण पायाचं का म्हणते ते ऐक. तू लहान होतास, तुला फक्त नंतरचं आठवत असेल. आबा त्या वर्षी वारीला नवी चप्पल घालून गेले. अंगठ्याला फोड आला. दुखला असता तर बोलले असते, पण दुखलाच नाही. घरी आल्यावर मी धोतर धुवायला घेतलं तर काठाला डाग, म्हटलं चिखल असेल. चिखल पाण्यात सुटतो, हा सुटेना. मिरजेला नेलं. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. रोज पट्टी मी बदलायचे. ते छताकडे बघायचे आणि मला विचारायचे, आज काय भाजी? माझा चेहरा वाचता येऊ नये म्हणून मी खाली मान घालून सगळी भाजी मंडई सांगायचे.

आणि तू संध्याकाळी त्यांना ओट्यावर टेनिसचा चेंडू टाकायचास. ते खुर्चीत बसून कुबडीनं टोलवायचे. कधीही आउट व्हायचे नाहीत. त्रिफळा उडाला तरी ‘नो बॉल’! तू रडत माझ्याकडे यायचास, आबा रडी खेळतात म्हणून. ते मला म्हणायचे, विजय हजाऱ्यांच्या गावात जन्मलाय, पोराला बोलिंग टाकायला शिकवा आधी. तेव्हा मला तुमच्या भांडणाचा राग यायचा, चहाची वेळ असायची.

आबांना कळलं तेव्हा ते पन्नाशी ओलांडून होते. तू चौतीस.

तुझी वेळ वेगळी आहे, औषधं वेगळी आहेत, हे मला कुणी सांगायला नको. आपल्या डॉक्टरांना मी विचारलं, नाव न सांगता. पण ते हसले, त्यांना कळलंच. म्हणाले, आता पकडलंय ते बरंच झालं, मुलगा शहाणा असेल तर वर्षभरात सहाच्या घरात आणेल. मी म्हटलं, शहाणा आहे. आत्या जांभळाच्या बियांची पूड पाठवते म्हणत होती, मी नको म्हटलं. उगाच गोळीऐवजी ती घेत बसशील.

सामने बघणं सोड असं मी म्हटलेलं नाही, हे लक्षात घे. रविवारी तू तसंच ऐकलंस. हरणाऱ्या टीमपायी वेळ घालवतोस असं बाबा म्हणतात, मी नाही. सूनबाई गेल्यानंतरच्या त्या दोन वर्षांत तुला घरातून बाहेर काढलं ते ह्याच टीमनं. सगळे लोक सोडून जातात अशा टीमला तू धरून राहिलास. ते मका, चीज आणि मेयोनीज घातलेलं काय ते असतं, ते वाटीभर खाल्लंस तरी मी काही म्हणणार नाही. मिल्कशेक मात्र नाही. आणि सामना संपल्यावर ट्रेनऐवजी दोन स्टेशनं चालत येऊ नकोस, रात्रीचं नाही. चालायचं ते सकाळी.

इकडे बाकी ठीक. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, सोलापूर-धाराशिवकडे तर हाहाकार झालाय. शाळेच्या बायकांनी मदत गोळा केली, मी पण गेले होते. काल महिलांचा वर्ल्ड कप सुरू झाला, आपली स्मृती आठवर बाद झाली आणि निम्मं गाव हळहळलं, पण भारत जिंकला. बाबांनी आज तुझी जुनी सायकलसुद्धा पुसून पूजेला ठेवली आहे. मला न सांगता. गुडघ्याचं त्यांचं तसंच आहे. उद्या दसरा, संध्याकाळी व्हिडिओ कॉल कर, त्यांच्या हातचं सोनं तुला दाखवतील. मी मागेच बसेन, बोलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. माँटगोमेरीला पुढच्या वर्षी शॉर्टस्टॉपलाच ठेवणार की थर्ड बेसला हलवणार, तुला काय वाटतं ते कळव. मला शॉर्टस्टॉपच बरा वाटतो. आणि उद्या सकाळी उपाशीपोटी किती आली तेही. आधी ते, मग माँटगोमेरीचं.